दुसऱ्या पंगतीचा खर्च

१

कुसाबाई गेली तेव्हा तिच्या कपाळावर खोट्या लग्नातलं कुंकू तसंच होतं. मेकअपवाल्याने लावलेलं, घामाने न उतरणारं. नर्सने स्पिरिटचा बोळा फिरवून पाहिला, कुंकू हललं नाही. "जाऊ द्या," म्हणाली आणि तिने चादर वर ओढली.

२००२ सालचा फेब्रुवारी. निफाडजवळच्या एका वस्तीवर आमच्या मालिकेचं शूटिंग चालू होतं. कथेत बड्या बागायतदाराच्या मुलीचं लग्न, म्हणून द्राक्षबागेच्या कडेला मांडव आणि मांडवात बसायला वस्तीवरचीच माणसं. दुपारी मांडवात हसत बसलेल्या बायका दिवस मावळायच्या आत ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत आडव्या पडून ओकत होत्या. तोंडातून लाळ, अंगभर घाम, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या डोक्याएवढ्या. डॉक्टरांनी बघितल्या बघितल्या सांगितलं, "हे शिळ्या अन्नाचं नाही. फवारणीचं औषध पोटात गेलंय." सकाळी कुसाबाई गेली. बाकीच्या झुंजत होत्या.

गुन्हेगार तोवर सापडलाही होता. कलाबाई.

कलाबाई आमच्या युनिटला जेवण पुरवायची. मखमलाबादची, माळ्यांची. घरचा मळा, घरची भाजी. "सगळं घरचंच हं ताई," हे ती इतकं मिरवून सांगायची की आम्ही तिला चिडवायचो. आता तेच तिच्या गळ्याशी आलं. फवारलेली वांगी तोडली, धुवायचा कंटाळा केला आणि माणसं मारली, असं सगळ्यांचं बोलून झालं होतं. पोलिसांनी तिला चौकीत नेऊन बसवलं.

मी या सगळ्यात कोण? टायपिस्ट. नाशिकच्या शालिमारला टायपिंगची कामं घेता घेता चाळिशी उलटली, मग कॉम्प्युटर आला तो पुस्तक आणून घरीच शिकले. भारत देवरे नावाचे गृहस्थ एकदा मालिकेचं बजेट टाइप करायला घेऊन आले. सटाण्याकडचे, पण मुंबईत बरीच वर्षं काढलेले. निर्मात्याचा पैसा रोज कुठे, किती जायचा ते ठरवणारा माणूस, लाइन प्रोड्यूसर. टाइप करताना मी त्यांना इतके प्रश्न विचारले की ते हसून म्हणाले, "लताबाई, त्यापेक्षा शिकाच तुम्ही."

शिकले. पटकथा गोष्ट म्हणून वाचायची नाही, रंगीत पेन्सिली घेऊन फोडायची. नट लाल, सामान हिरवं, गर्दी निळी, जेवणखाण पिवळं. सर म्हणायचे, "लेखक 'गावजेवण' असा एक शब्द लिहितो आणि झोपायला जातो. त्याची झोप आपण भरायची. पाणी कुठून, मांडव कुणाचा, खरकटं कोण काढणार?" मला ते थेट संसारासारखं वाटायचं. फक्त इथे विचारणाऱ्या बाईला कुणी कटकटी म्हणत नव्हतं. मी त्या माणसाला गुरू मानलं होतं.

त्या सकाळी सर लॉजच्या खोलीत, म्हणजे आमच्या ऑफिसात, तोंड धुऊन आले. नव्याकोऱ्या टॉवेलने मान पुसत होते. टॉवेलाला दुकानाचं लेबल चिकटलेलं आणि कोपऱ्यावर कसलं तरी लाल बोट. "एक निवेदन टाइप करा," म्हणाले. "संध्याकाळपर्यंत पोलिसांना द्यायचंय. भाजी पुरवठादाराच्या स्वतःच्या शेतातली, निष्काळजीपणा सर्वस्वी तिचा, कंपनीचा संबंध नाही. खाली साक्षीदार म्हणून तुमची सही. तुम्ही रोज तिचं जेवता, तुमच्या सहीला वजन आहे."

मी कॉम्प्युटर लावला, पण टाइप केलं नाही. आदल्या दुपारी तीच वांगी मी खाल्ली होती. समोर बसून सरांनीही खाल्ली होती. वर "कलाबाई, अजून एक वाढा" म्हणून मागून घेतलं होतं.

"सर, मग आपण कसे धडधाकट?"

"आपण पहिल्या खेपेचं जेवलो. बायकांसाठी तिने मागाहून दुसरी खेप केली, त्यातली वांगी खराब."

पटण्यासारखं होतं. फक्त एक अडचण होती. त्या दिवसाच्या खर्चाचं पान मीच केलं होतं आणि त्यात दुसरी खेप नव्हती. त्यात बायकाच नव्हत्या.

२

"बायका कागदावर कशा असतील?" महेश म्हणाला. महेश आमचा प्रॉडक्शन मॅनेजर, नाशिकरोडचा, सतत धावणारा आणि धावताना बोलणारा. "दिग्दर्शकसाहेबांना ऐन जेवणाच्या सुट्टीत आठवलं. फ्रेम मोकळी दिसते म्हणाले, साड्या भरा. बायका नाही म्हणाले हो, साड्या! मी पळालो पोलीस पाटलांकडे, चिमाजींकडे. त्यांनी आळीत बोलवायला माणसं धाडली. बायका बिचाऱ्या हातातलं काम टाकून, नटून आल्या. आणि ऐका, आहेर घेऊन आल्या! खोट्या लग्नाला खरा आहेर!"

तो हसायला लागला. मग कुसाबाई आठवली असणार, त्याने तोंड पुसलं.

"त्यांच्या जेवणाचं काय ठरलं होतं?"

"काहीच नाही. वाढलेल्या पानांसमोर बसायचं, लाजायचं, शॉट झाला की घरी. पुरुषमंडळी आधीच आपल्याबरोबर जेवली होती. शॉट झाल्यावर त्यांना वरातीसाठी नदीवर नेलं. मी जनरेटर घेऊन पुढे."

"मांडवात मागे कोण राहिलं?"

"दीपक होता सामान आवरत. सर होते. सर काय, सगळीकडेच असतात. तुम्हाला त्यांनी झेरॉक्सला निफाडला पाठवलं होतं, नाही का?"

पाठवलं होतं. दुसऱ्या दिवशीची पानं, जी सकाळी काढली असती तरी चाललं असतं.

मी रिक्षा केली आणि चौकी गाठली. कलाबाई बाकावर बसली होती. रडून झालेलं होतं. पदराला अजून फोडणीचा वास होता, आणि आत येणारा प्रत्येक जण तिच्याकडे बघून नाक मुरडल्यासारखं करत होता. एक शिपाई आपला डबा उघडता उघडता थांबला आणि बाहेर जाऊन जेवायला बसला. तिने ते पाहिलं.

"पंधरा वर्षं लोकांना खाऊ घालतेय ताई," ती म्हणाली. "आता माझ्यासमोर कुणी डबा उघडत नाही. पोरींच्या सासरीसुद्धा कळलं असेल."

"कला, बायकांसाठी तू दुसरी खेप केलीस?"

"कशावर करू? सिलिंडर संपला होता. गडीमाणसांना वाढलं, विहिरीवर भांडी घासली, टेंपोत भरली आणि निघाले. चिमाजीभाऊ होते की विहिरीवर, विचारा त्यांना. बायकांना मी वाढलंच नाही. त्या जेवल्या कधी, हेच मला इथे बसून कळत नाहीये."

"पण त्यांच्या पोटात वांगीच होती. पुरी, बुंदी, भात, वांगं. डॉक्टर म्हणाले."

कलाबाईने माझ्याकडे पाहिलं.

"मग ती माझीच," ती हळू म्हणाली. "पण कालची नाहीत, ताई. परवाची."

३

शूटिंगमध्ये दोन प्रकारचं जेवण असतं. एक पोटात जातं, ते बजेटात 'जेवणखाण'. दुसरं कॅमेऱ्यासमोर मांडून ठेवतात, ते 'सामान'. टेबलखुर्चीच्या, हारतुऱ्यांच्या ओळीत. माझ्या कागदावर पहिलं पिवळं आणि दुसरं हिरवं. मांडवातल्या पानांसाठीचं जेवणही दीपकने कलाबाईकडूनच घेतलं होतं, आदल्या संध्याकाळी. दीपक आमचा कलादिग्दर्शक. पानं रात्रीच लावून ठेवली होती, सकाळभर ती दिव्यांच्या उन्हात तापत होती.

चिमाजी पाटील मला वेशीवरच भेटले. पटका काखेत धरून, उघड्या डोक्याने. कुसाबाई त्यांच्या भावकीतली.

"विहिरीवर मीच व्हतो," ते म्हणाले. "कलाबाईनं पातेली पालथी घातली माझ्याम्होरं. शिताचा कन नव्हता. हे मी फौजदाराला सांगितलं, तर म्हनतो, तुमच्या गावाला तिनं फुकट जेवू घातलं म्हनून बोलता. आता काय बोलावं?"

"पाटील, मांडवातल्या पानांचं उष्टं कुठे टाकलं?"

"हाय ना खड्डा. बागेच्या कोपऱ्यात."

वास आधी आला. आंबलेला, त्यात औषधाचा उग्र दर्प, जिभेवर चिकटणारा. खड्ड्याच्या काठावर एक कावळा पाय वर करून पडला होता. आत माशांचा थर होता, तोही मेलेला. चिमाजींनी पटका नाकाला लावला. मी पदर लावला. आणि काठावर बसले.

"काठीनं वरची पानं जरा उलटता का, पाटील?"

खड्ड्यात पळसाच्या पत्रावळी होत्या. पुरुषांना आणि युनिटला कलाबाईने थर्माकोलच्या ताटांत वाढलं होतं. पळसाचं पान फक्त मांडवात, कारण पडद्यावर थर्माकोल शोभत नाही. म्हणजे ही कॅमेऱ्यासमोरचीच पानं. ती उचलून फेकली असती तर पुरी, भात, वांगं सगळं पानासकट चिखल होऊन पडलं असतं.

पण पत्रावळी रिकाम्या होत्या. चाटूनपुसून स्वच्छ. आणि प्रत्येक पत्रावळ मधोमध नीट दुमडलेली.

चिमाजींनी काठी टेकवली. "जेवलेली पानं हायेत ही," ते म्हणाले. "पोटभर झालं, की आपुन पान मोडतो तशी."

कुणीतरी त्या बायकांना सामान खायला घातलं होतं.

४

दीपक नदीकाठी पालखीला रंग देत बसला होता. शूटिंग बंद होतं, तरी देत होता. मी काही विचारायच्या आतच म्हणाला, "मी पुरलं ते सगळं, ताई."

"तू पुरलेलं मी आत्ता बघून आले. त्यात अन्नच नाही."

ब्रश त्याच्या हातातच राहिला.

"फवारा कुणी मारला, दीपक?"

तो चटकन खरं बोलला. बहुतेक कुणी विचारायची वाट बघत होता.

"माशा हो! सकाळभर क्लोजअपमध्ये माशा. दिग्दर्शकसाहेब शिव्या घालत होते. शेजारच्या बागेत फवारणी चालली होती. जेवणाच्या सुट्टीत त्या माणसाचा पंप मागितला आणि पानांवरून एक हात फिरवला. माशा टपाटप पडल्या. वर भाजीला चमकही आली, साहेब खूश झाले." तो मान खाली घालून म्हणाला, "माझ्या डोक्यात ते जेवण नव्हतंच, ताई. सामान होतं. खड्डा मीच खणून ठेवला होता. शॉट झाला की पुरणार होतो."

"मग?"

"मला सांगितलं, तू नदीवर जा, पालखी लाव, खड्ड्याचं मी बघतो. मी म्हटलं, औषध मारलंय बरं का, कुत्रंसुद्धा येऊ देऊ नका. तर म्हणाले..."

"काय म्हणाले?"

"म्हणाले, द्राक्षांवर पण मारतात, लोक खातातच की. मला वाटलं चेष्टा करतायत."

"कोण?"

दीपक पालखीचा दांडा पुसायला लागला. रंग ओला होता, तरी पुसत होता. "प्रॉडक्शनमधलं माणूस. नाव नका विचारू. त्यांनी एक फोन फिरवला तर मुंबईत मला कुणी उभं करणार नाही. बायको दवाखान्यात आहे, दिवस भरलेत तिचे."

प्रॉडक्शनमधली माणसं दोनच. महेश आणि सर. महेश जनरेटर घेऊन पुढे गेला होता, पण हे तोच सांगत होता. आणि मनातल्या मनात मी महेशवर दात धरून बसले, कारण दुसरं नाव घेणं मला जड जात होतं.

५

बायकांच्या वॉर्डात फिनाईल, ओकारी आणि उदबत्ती यांचा एकच वास झाला होता. खाटा अपुऱ्या, म्हणून काही जमिनीवर. सरुबाई जरा सावरली होती. कुसाबाईची पुतणी, तिशीची असेल. सलाईनचा हात सांभाळत उठून बसली आणि आधी मलाच विचारलं, "तुमी जेवल्या का, बाई?"

मी तिच्या खाटेवर टेकले.

"सरुबाई, तुम्हाला पानावर कुणी बसवलं?"

"बसलोच व्हतो की आमी. फोटू काढून समदे गेले नदीवर. आमी आपल्या बसून. उठा बी कोनी म्हनंना, जेवा बी म्हनंना. सकाळपास्नं पोटात काय नव्हतं. मंग भागीबाई म्हनली, लग्नाला बोलावलं आन् उपाशी धाडता व्हय? तवा तो आला. दारात उभा राहून हात जोडले. म्हनला, बसा, सावकाश जेवा, तुमचंच घर हाय."

"कसा होता दिसायला?"

"परक्या मानसाच्या तोंडाकडं कोन बघतं? पँट व्हती. बूट व्हता." ती जरा ओशाळली. "पन आमी रीतीनंच वागलो बरं. हात जोडतो तो लग्नाचा मालक. त्याला टावेल-टोपी दिली, नारळ दिला. कुसाआत्यानं टावेलाच्या कोपऱ्याला कुंकवाचं बोट लावलं."

मी तिची सलाईनची नळी सरळ केली.

"वास नाही आला तुम्हाला? औषधाचा?"

"आला ना. पन तो वास आमाला नवा हाय का? बागेत दिवसभर त्योच, आंथरुनात बी त्योच. पुरी वातड लागली, वांगं कडू. भागीबाई म्हनली, टाका. तर आत्या म्हनली, लग्नाचं पान टाकून उठू नये, नवरीला बाधतं. मंग समद्यांनी संपवलं. आत्यानं तर भागीबाईचं बी संपवलं."

"अगं, पण ती नवरी खोटी होती."

सरुबाईने माझ्याकडे पाहिलं. मीच काहीतरी अडाण्यासारखं बोलले असावे, अशा नजरेने.

"नवरी खोटी आसंल. पोरगी तर खरी व्हती ना."

सिनेमाचं बजेट शिकवताना कुणी सांगत नाही, की खोट्या लग्नात बसवलेली माणसं खरा आशीर्वाद देऊन बसतात. त्याला रंगच नाही पेन्सिलींमध्ये.

मी उठले. टॉवेल मी पाहिला होता, माझ्या डोळ्यांनी. पण टॉवेलाचं काय? महेशने आणून दिला असेल. कुणीही कुणालाही टॉवेल देऊ शकतं. मी अजून पळवाट शोधत होते. दारापर्यंत पोचले तर सरुबाई मागून म्हणाली,

"आत्यानं त्याला घास बी देऊन बघितला. मालकानं यक घास तरी घ्यावा, मान आसतो. तर तो मागंच सरला. म्हनला, आज माझा उपास हाय."

६

सर खोलीत होते. टॉवेल खुर्चीच्या पाठीवर वाळत होता. "झालं का टाइप?"

"नाही. एक विचारायचं होतं. काल तुमचा उपास होता?"

"काल? छे. काल कसला उपास?"

"तेच. माझ्यासमोर दोनदा वांगं घेतलंत. मग मांडवात त्या बाईला उपास का सांगितलात?"

सर लगेच चिडले नाहीत. त्यांच्या चेहऱ्यावर तीच दाद उमटली, जी मी शिकताना एखादा सुटलेला खर्च पकडला की उमटायची. त्या दादेची मला किळस आली.

"महेश असेल तो," ते म्हणाले. "मी नव्हतो तिथे."

"तुमच्या टॉवेलाच्या कोपऱ्यावर कुसाबाईचं बोट आहे. बायकांनी ज्याला मालक मानलं, त्यालाच तो दिला. तरी मी मघाशी स्वतःला सांगत होते, की टॉवेल कुणीही देतं. पण उपासाचं तसं नाही, सर. पोट भरलेला माणूससुद्धा मान ठेवायला घास घेतो. एक घास घेऊन तुम्ही सुटला असता. नसलेला उपास सांगावा लागला, कारण त्या घासात काय आहे ते तुम्हाला ठाऊक होतं."

"ठाऊक असणं म्हणजे काय?" त्यांनी खुर्ची ओढली, मला शिकवायला बसायचे तशी. "वाटलं, एखादी उलटी होईल. शेतावरची माणसं आहेत, काटक असतात. जेवायला मागत होत्या, दुपार उलटली होती. निफाडहून ताटं मागवायची म्हणजे त्या दिवसाचं बजेट फुटलं असतं."

"कितीसं फुटलं असतं?"

"थोडंच. पण आजवर माझं एकही फुटलं नाही. त्याच्यावरच मला कामं मिळतात."

"अडीअडचणीसाठी म्हणून बाजूला काढलेली रक्कम होती ना? मीच टाइप केली होती. अख्खीच्या अख्खी पडून आहे."

"ती अडचणीसाठी असते. कॅमेरा बिघडला, नट आजारी पडला. तुम्हाला शिकवलं नव्हतं का? या बायका होत्या, लताबाई."

समजूत घालावी तसं म्हणाले. खरकटं कोण काढणार, हे मला याच माणसाने विचारायला शिकवलं होतं.

"आणि निवेदनाचं म्हणाल, तर तुमच्याजवळ आहे काय?" ते पुढे म्हणाले. "एका आजारी बाईचं बोलणं आणि एक टॉवेल. पुढच्या मालिकेच्या बजेटवर तुमचं नाव घालतोय मी. कलाबाई काय, सुटेल चार महिन्यांनी."

"दीपक आहे," मी म्हणाले.

दार उघडंच होतं. व्हरांड्यात चिमाजी पाटील उभे होते आणि त्यांच्या शेजारी रंगाने माखलेला दीपक. मी वॉर्डातून निघाले ती चिमाजींना फौजदाराला घेऊन यायचा निरोप धाडून आधी दीपककडे गेले होते. म्हटलं होतं, नाव तू घेऊ नकोस, ते कुसाबाईने आधीच सांगून ठेवलंय, तू फक्त बरोबर चल. तो आला होता, आणि आता हाताच्या मुठी वळून, भिंतीकडे बघत म्हणाला, "सर, मी तुम्हाला सांगितलं होतं. कुत्रंसुद्धा येऊ देऊ नका म्हटलं होतं मी."

चिमाजी आत आले. खुर्चीवरचा टॉवेल त्यांनी उचलला, कोपरा बघितला आणि घडी करून काखेत घेतला.

"चला," ते सरांना म्हणाले. "फौजदार खाली बसलाय."

७

कलाबाई त्याच संध्याकाळी सुटली. सरांवर आणि दीपकवरही गुन्हा नोंदवला गेला. दीपकने स्वतःहून सगळं सांगितलं, आणि त्या रात्री त्याला मुलगी झाली ती त्याने बऱ्याच दिवसांनी पाहिली. मालिका थांबली नाही. मुंबईहून दुसरा माणूस आला, त्याने मांडवाचं दृश्य तसंच ठेवलं, कारण पुन्हा चित्रित करणं परवडणारं नव्हतं. ते दाखवलंही गेलं. त्यात कुसाबाई नवरीकडे बघून हसते. माझ्या घरी त्या वेळी टीव्ही बंद होता.

पण कलाबाईचं काम गेलं ते गेलंच. खरं काय ते पेपरात चार ओळींत आलं, आणि खोटं आधीच घरोघर पोचलेलं. ठरलेली दोन डोहाळजेवणं, एक साखरपुडा, सगळ्यांनी दुसरीकडे सांगितलं. कुणी तोंडावर काही म्हटलं नाही. "बघू," म्हणायचे. तिची मोठाली पातेली अंगणात पालथी पडून होती. मी गेले की ती चहा करायची आणि मी कप तोंडाला लावेपर्यंत माझ्याकडे बघत बसायची.

त्याच आठवड्यात एका दुपारी अंगणात मोटरसायकल थांबली. चिमाजी पाटील. उतरले, पाणी प्यायले, तिच्याच हातचं, आणि बराच वेळ द्राक्षाच्या भावाबद्दल बोलत बसले. मग म्हणाले, "कुसाबाईचा दहावा हाय बुधवारी. घरच्यांचं म्हननं, सैपाक तुमी करावा."

मला वाटलं कलाबाई रडेल. ती उठली, एक पातेलं उताणं केलं आणि आतली धूळ पदराने पुसायला लागली.

"किती माणसं?" तिने पाठमोरंच विचारलं.

"सगळा गाव."

"गाव म्हणजे किती? गडीमाणसं का बायका धरून?"

"बायका धरून सांगतोय," चिमाजी खाली बघत म्हणाले.

"मग ऐका भाऊ. पहिली पंगत बायकांची. दवाखान्यातून आलेल्या पुढे बसतील. तसं नसेल, तर मी चूल पेटवणार नाही."

चिमाजींनी कान खाजवला. असं त्यांच्या गावात कधी झालं नव्हतं, दहाव्याला तर नाहीच. "भावकीला विचारून सांगतो," म्हणाले आणि मोटरसायकलकडे गेले. किक मारली. ती सुरू झाली, तशी त्यांनीच बंद केली.

"कोनाला विचारायचं?" ते तिथूनच म्हणाले. "बसवा."